कोंब थांबतो, सड थांबत नाही

मोटार कारखान्यांच्या चाकणमध्ये आजही कांद्याचा मोठा बाजार भरतो. कांदा घेताना आपण दाबून पाहतो. तो घट्टपणा पेशीभित्तिकेचा. ही सेल्युलोज-पेक्टिनची भिंत कधी सैल व्हायची, हे तिच्यातली प्रथिने ठरवतात. त्यातले ‘एक्स्पान्सिन’ अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने १९९२मध्ये काकडीच्या रोपात ओळखले. ते भिंतीचे धागे न तोडता एकमेकांवरून सरकू देते. मग पेशी पाणी घेऊन ताणते, कोंब लांबतो.

कांद्याचे भाव चढले की विकिरणाची चर्चा सुरू होते. लासलगावला असे केंद्र २००२पासून आहे. विकिरणाने कोंबातल्या पेशींचे विभाजन थांबते. एक्स्पान्सिनला ताणायला नव्या पेशीच उरत नाहीत. सडीचे तसे नाही. बुरशी आणि जिवाणू आपली एन्झाइम्स सोडून पेक्टिन विरघळवतात, आणि कोंब रोखणाऱ्या कमी मात्रेला ते पुरून उरतात. त्यामुळे सरकारी पैसा आधी हवेशीर चाळींना मिळावा, असे माझे मत. काढणीआधी पाणी तोडणे, पातीसकट मान नीट सुकवणे, हेही चुकत नाही. चाकणजवळच, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा ‘भीमा शक्ती’ हा रब्बी वाण तर टिकाऊपणासाठीच ओळखला जातो.