वीस खाटा, एक थर्मामीटर

वॉर्डात वीस खाटा, ट्रेमध्ये काचेचा एकच थर्मामीटर आणि सकाळच्या राउंडला जेमतेम तास उरलेला. काखेत पाच मिनिटे धरायचा म्हटला तरी वीस जणांना शंभर मिनिटे लागतात. झटकणे, पुसणे, वाचणे, लिहिणे वेगळेच. तरीही राउंडच्या वेळी टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट भरलेला असतो आणि खाटेमागून खाट ९८.४. हा हिशेब सिस्टरला कळतो, मेट्रनला कळतो, चार्टवरून नजर फिरवून पुढे जाणाऱ्या डॉक्टरांनाही कळतो. बोलत मात्र कुणी नाही.

माणसे कमी आहेत, हे कारण खरेच आहे. पण ते सगळे कारण नव्हे. जिथे रांगेत दोनच रुग्ण असतात त्या खासगी दवाखान्यातही नाडी बघून होताच थर्मामीटर तोंडातून निघतो. यातली चूक नेहमी एकाच बाजूला झुकलेली असते. पारा सुरुवातीला झरझर चढतो आणि शेवटच्या अंशाला रेंगाळतो, म्हणून घाईने काढलेला थर्मामीटर कमीच दाखवतो, जास्त कधीच नाही. १०३ ताप हाताच्या पाठीलाही समजतो. यंत्र हवे असते ते ९८.८ आणि १००.४ यांतला फरक सांगायला, आणि घाईत बुडतो तो नेमका हाच फरक. क्षयाच्या रुग्णाच्या अंगात रोज संध्याकाळी येणारी कसर अशीच कागदावरून नाहीशी होते.

यंत्राची घडण साधी आणि हुशारीची आहे. पाऱ्याच्या फुग्याच्या वर नळी एका जागी चिमटलेली असते. पारा तापून फुगला की त्या अरुंद जागेतून वर सरकतो. थंड होताना तिथे धागा तुटतो आणि वरचा पारा वरच राहतो. म्हणूनच तोंडातून काढून खिडकीशी नेऊन निवांत वाचता येते. पण त्याच कारणाने आधीच्या रुग्णाचा १०२ न झटकता पुढच्याला लावला, तर त्याला किमान १०२ ताप निघणारच. वरचे टोक घट्ट धरायचे, टेबलापासून दूर उभे राहायचे, मनगटाला झटके द्यायचे आणि पारा ९५च्या खाली गेल्याचे डोळ्यांनी पाहायचे. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. वाचताना नळी बोटांत हळू फिरवली की काचेच्या भिंगामुळे पाऱ्याची बारीक रेघ एकदम रुंद दिसते. तेव्हा डोळा रेघेच्या समोर हवा. फॅरनहाइटच्या पट्टीवर एक बारीक रेघ म्हणजे ०.२ अंश, ०.१ नव्हे. चार्टवर ९९.३ किंवा १००.७ लिहिलेले दिसले, तर ते आकडे थर्मामीटरने दिलेले नाहीत हे ओळखावे.

हे सुटसुटीत रूप दीडशे वर्षांपूर्वीचे. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांची तापमाने नोंदवून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि तो काखेत पंधरा-वीस मिनिटे धरावा लागे. इंग्लंडमध्ये लीड्सच्या थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच सुमारास सहा इंची थर्मामीटर घडवून घेतला आणि वेळ पाच मिनिटांवर आणली. वुंडरलिश यांचा ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट. ब्रिटिश वळणाच्या थर्मामीटरवर मात्र ९८.४ला बाण असे, आणि आपल्या घराघरांत तोच आकडा पाठ झाला. १९९२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या फिलिप मॅकोविआक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी तरुण-प्रौढांचे तापमान तोंडातून मोजले. सरासरी आली ९८.२. त्याहून कामाची गोष्ट अशी, की पहाटे सहाच्या सुमारास तापमान सर्वांत कमी होते आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत जास्त. ९९.५ हा आकडा सकाळी सहाला विचार करायला लावणारा आहे, दुपारी चारला तो निरोगी माणसाचाही असू शकतो. बाणाच्या वर ताप आणि खाली ताप नाही, अशी सरळ विभागणी शरीराला मान्य नाही.

जागेचेही तसेच. तोंडात म्हणजे जिभेखाली नुसते पुढे नव्हे. जिभेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना जो कोनाडा असतो तिथे फुगा टेकवून ओठ मिटायचे, दात नव्हे. तीन मिनिटे पूर्ण. चहा किंवा थंड पाणी नुकतेच पोटात गेले असेल तर पंधरा मिनिटे ते अर्धा तास थांबायचे. तोंडाने श्वास घेणारा, फिट येणारा, बेशुद्ध किंवा लहान मूल असेल तर तोंडाचा विचारच करू नये. काखेत घाम टिपून घ्यायचा, चोळायचा नाही. फुगा काखेच्या खोलगट भागात कातडीला दोन्हीकडून टेकला पाहिजे आणि हात छातीवर आडवा घट्ट. उघडी काख हवेने निवलेली असते, ती मिटल्यावर पुन्हा तापायला वेळ लागतो. पाच मिनिटे ही उदारता नव्हे, तो किमान हप्ता आहे.

काखेत साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतो, म्हणून ‘एक वाढवून’ लिहिण्याची रीत आहे. ती मोडायला हवी. हा फरक प्रत्येकात आणि प्रत्येक वेळी एकच नसतो. शिवाय एकीने वाढवून लिहिले आणि दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरने न वाढवता, तर चार्टवर ताप चढतो-उतरतो आणि रुग्ण मात्र होता तसाच असतो.

आता विदर्भातला मे महिना घ्या. चंद्रपूर, अकोल्यात बाहेर ४५ सेल्सिअस आणि पत्र्याच्या उपकेंद्रात ४० असते, म्हणजे १०४ फॅरनहाइट. झटकून ९५वर आणलेला पारा रुग्णापर्यंत पोचायच्या आतच हवेने चढू लागतो, आणि या थर्मामीटरचा धर्म असा की चढलेला खाली येत नाही. ताप नसलेल्या माणसालाही १०२ निघू शकतो. फुगा माठातल्या पाण्यात बुडवून, झटकून, पुसून लगेच लावणे आणि काढल्याबरोबर वाचणे, एवढाच त्यावर उपाय. पट्टी १०८ला संपते. मोटरसायकलच्या डिकीत तापलेला थर्मामीटर फुटतो तो याच कारणाने. उष्माघाताचा संशय असेल तर काखेवर विसंबणे धोक्याचे. आतले तापमान १०४च्या वर आणि काख घामाने गार, असे होऊ शकते. तिथे गुदद्वाराचे मापन आणि त्यासाठी योग्य उपकरण हवे.

पट्टीचे खालचे टोकही असेच फसवते. साधा थर्मामीटर ९४ किंवा ९५ला सुरू होतो. नवजात बाळाचे तापमान ९७.७च्या खाली गेले की अल्पतापमान समजतात आणि ९०च्या खाली घसरले की ते थेट बाळाच्या जिवावर बेतते. पारा हललाच नाही, एवढेच हा थर्मामीटर सांगू शकतो, किती खाली ते नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजाताचे तापमान घरी मोजायला शिकवले आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या हाती तेच काम आले. त्यांच्या संचात डिजिटल थर्मामीटर असतो आणि श्वास मोजायला घड्याळही. मोठ्या रुग्णालयांच्या ट्रेमध्ये ते घड्याळ सापडेलच असे नाही.

पारा जाणार, हे ठरलेले आहे आणि जायलाच हवा. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना पारामिश्रित काचेचा कचरा भंगारात गेल्याचे उघड झाल्यावर २००१ मध्ये बंद पडला. २०१३ मध्ये जपानमध्ये स्वीकारलेल्या मिनामाता करारात पाऱ्याची उपकरणे हटवण्याचे बंधन आले; भारताने २०१८ मध्ये तो मान्य केला. तरी कपाटाकपाटांत काच शिल्लक आहे आणि ती फुटते. फुटल्यावर झाडू फिरवणे सगळ्यांत वाईट, कारण एका थेंबाचे शंभर होतात आणि वाफ वाढते. खिडक्या उघडाव्यात, माणसे बाहेर काढावीत, अंगठी-बांगड्या उतरवाव्यात (पारा सोन्याला चिकटतो), टॉर्चच्या तिरक्या उजेडात थेंब शोधून जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावे. मोरीत नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही नाही. मुलाने थर्मामीटर चावला तर घरचे पाऱ्याने घाबरतात. गिळलेला पारा आतड्यातून फारसा शोषला जात नाही, आधी तोंडातली काच बघावी.

डिजिटल आल्याने प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांनी तो काखेत नीट न मिटता धरून पाहावा. बीप होते आणि आकडा कमीच येतो. पाऱ्याऐवजी गॅलियम-इंडियम-कथिलाचा मिश्रधातू भरलेले काचेचे थर्मामीटरही मिळतात. ते झटकायला अधिक जोर लागतो आणि वेळ तेवढाच. म्हणून बदल चार्टच्या छपाईपासून करावा. तापमानाच्या रकान्याशेजारी जागा आणि वेळ यांसाठी दोन बारीक रकाने, आणि मागच्या सहा तासांत पॅरासिटामॉल दिले असल्यास त्याची खूण. ‘९९.८, काख, दुपारी ४’ ही नोंद, नुसते ‘९९.८’ नाही. आणि वीस खाटांना चार थर्मामीटर मागवावेत. पाच मिनिटांत एक फेरी चौघांची होते, पूर्ण वॉर्ड पंचवीस मिनिटांत. मागणीपत्रात संख्या कशासाठी वाढवली ते लिहायला जागा असते, तिथे हाच हिशेब मांडता येईल.