मूत्राशयातील गाठ अखंड काढण्याचा फायदा कुणाला?

लघवी लालसर झाली, पण दुखले नाही. देवगाव रंगारीसारख्या गावात अशा वेळी ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून धण्याचे पाणी घेतले जाते. दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते आणि विषय मागे पडतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुतेकदा असेच असते. न दुखता रक्त येते, आपोआप थांबते आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिसते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते.

या गाठीवर पहिला उपचार म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती काढणे. पोटावर टाके पडत नाहीत. नेहमीच्या पद्धतीत विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने गाठ खरवडून तुकड्यातुकड्याने काढतात. पण हे तुकडे कडेने भाजतात. वरची बाजू कोणती, खालची कोणती, हेही कळत नाही. मग गाठ अस्तरापुरतीच आहे की खालच्या स्नायूत शिरली आहे, हे पॅथॉलॉजिस्टला खात्रीने सांगता येत नाही. पुढचा सगळा उपचार मात्र याच उत्तरावर ठरतो. गाठ स्नायूत शिरली असेल तर अनेकदा मूत्राशयच काढावे लागते.

‘एन ब्लॉक’ पद्धतीत गाठीभोवती थोडे निरोगी अस्तर घेऊन गोल छेद देतात, स्नायूच्या थरापर्यंत जातात आणि गाठ बुडासकट अखंड उचलतात. हाँगकाँगमधील रुग्णालयांत 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण जुन्या पद्धतीत सुमारे 38 टक्के होते, तर नव्या पद्धतीत सुमारे 29 टक्के. शस्त्रक्रियेला वेळ थोडा जास्त लागला.

या पद्धतीला लेसरच हवा, असे नाही. नेहमीच्या दुर्बिणीने आणि विजेच्या उपकरणानेही ती करता येते. शल्यविशारदाचा सराव मात्र हवा. मोठी गाठ मूत्रमार्गातून अखंड बाहेर येत नाही, त्यामुळे तिथे जुनी पद्धत राहणारच.

नमुन्यात स्नायू आला नाही, तर बहुतेक वेळा 2 ते 6 आठवड्यांत पुन्हा शस्त्रक्रिया सांगितली जाते. शहरातल्या रुग्णाला ती गैरसोय वाटेल. देवगाव रंगारीहून घाटीत येणाऱ्याला मात्र पुन्हा एसटी, सोबत घरचे एक माणूस आणि दोघांचाही बुडालेला रोज मोजावा लागतो. म्हणून काही रुग्ण दुसऱ्या वेळी येतच नाहीत आणि आजार स्नायूत उतरतो. पहिल्याच वेळी नीट नमुना मिळण्याचा खरा फायदा या रुग्णाला आहे. तरीही अस्तराखालच्या थरात शिरलेल्या गाठीसाठी दुसरी शस्त्रक्रिया आजही सांगतात. तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी तर कुणालाच चुकत नाही.

सुट्टी घेताना ‘लेसरने केले का?’ असे विचारण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. अहवालात ‘डिट्रुसर मसल’, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू, आला आहे का? पुढची दुर्बीण कोणत्या तारखेला? तारीख फाईलवर लिहून घ्यावी. खर्चाबाबत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच भेटावे.