दिवेलागणीनंतर पाण्यावर दोर नको

शेतकरी बंधूंनो, धरणाच्या फुगवट्याशेजारी ज्यांची जमीन आहे, त्यांना पाण्याबद्दल नवे काय सांगायचे? मोटार कुठवर सोडायची, पाणी ओसरले की गाळपेरा कुठे करायचा, हे तुम्हाला पाठ आहे. पण आता या पाण्यावर पर्यटकांचीही वहिवाट पडू लागली आहे. पुढे इंजिनाची बोट, मागे दोर, आणि दोराला धरून फळ्यांवर उभा राहिलेला किंवा रबरी ट्यूबवर बसलेला माणूस. दिवसाउजेडी हा खेळ चालला तर तक्रार नाही. गावच्या चार पोरांना त्यातून रोजगार मिळतो. पण सूर्य बुडाल्यावर पाहुणे ‘अजून एक फेरी’ म्हणू लागले, की तिथे गावाने हात आडवा घातलाच पाहिजे.

हा खेळ अमेरिकेतला. 1922 साली मिनेसोटा राज्यातल्या पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पायाला फळ्या बांधून तो पहिल्यांदा केला. तिथल्या लोकांनी हौसेबरोबर नियमही केले. कॅलिफोर्नियाचा कायदा बघा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणालाही बोटीमागे ओढायचे नाही. बोटीवर चालक वेगळा आणि मागच्या माणसावर नजर ठेवणारा वेगळा, तोही किमान 12 वर्षांचा. मागचा माणूस पाण्यात पडला की लाल किंवा नारिंगी निशाण वर करायचे, म्हणजे दुसऱ्या बोटी सावध होतात.

आता सांगा, अंधारात हे निशाण कोणाला दिसणार? ओढला जाणारा माणूस हाताच्या खुणांनी बोलतो. हळू, जोरात, थांब, मी ठीक आहे, सगळे हातानेच. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. अंधार पडला की खूण गेली, आणि पडलेल्या माणसाचे पाण्याबाहेर दिसते ते फक्त डोके. ते शोधायला बोट वळवायची, तर त्याच्याच अंगावर जायची भीती.

हिशेब साधा आहे. दोर साधारण 75 फुटांचा. बोट ताशी 45 किलोमीटरने पळत असली, तर एका सेकंदात साडेबारा मीटर जाते. बॅटरीच्या उजेडात पुढचे 50 मीटर दिसले, असे धरू. म्हणजे अडथळा दिसल्यापासून हातात चार सेकंद. बोटीला ट्रॅक्टरसारखा ब्रेक नसतो, हे ध्यानात घ्या.

आणि आपल्या फुगवट्यात अडथळे काय थोडे आहेत? बुडीत क्षेत्रातल्या बाभळींची खोडे, जुन्या विहिरींचे काठ, पडक्या भिंती. उजनीत पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते कित्येकांनी पाहिले असेल. त्यात आपल्या मोटारींचे तराफे, पाइप आणि केबली; मच्छीमार बांधवांची जाळी तर संध्याकाळीच पडतात. पाण्याची पातळी रोज बदलते, म्हणून काल मोकळी असलेली वाट आज मोकळी असेलच असे नाही. बाहेरगावच्या बोटवाल्याला यातले काय ठाऊक?

कोणी म्हणेल, आजवर काही झाले नाही. उजनीची आठवण ठेवा. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसे गेली, त्यांत दोन लहान लेकरे. एकजण पोहत काठाला लागला. तो खेळ नव्हता, रोजच्या जाण्यायेण्याची वाट होती. पाण्यात गेलेली माणसे सापडायला दिवस उलटून गेला. जिथे गरजेची फेरी अशी अंगावर येते, तिथे हौसेच्या फेरीसाठी रात्री जीव टांगणीला लावायचा कशाला?

रात्री पेशंटला पलीकडे न्यायचे झाले तर, असे तुम्ही विचाराल. तो प्रश्न खरा आहे. ती होडी थांबवा असे कोणी म्हणत नाही. पण ती सावकाश जावी, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे, आणि दिवा असावा. इंजिनाच्या बोटीला डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि पांढरा असे दिवे लागतात. वल्ह्याच्या होडीतही बॅटरी हाताशी पाहिजे, समोरून कोणी आले की लगेच दाखवायला. जाळे टाकायला जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

कायदाही आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा 2021 आला. त्यात यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांच्या तरतुदी आहेत. वल्ह्याच्या होड्यांचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याचीही सोय आहे. राज्याचे साहसी पर्यटनाचे धोरणही 2021 मध्येच आले. पण मुंबईहून कोणी साहेब रोज संध्याकाळी तुमच्या काठावर येऊन उभा राहणार नाही. काठावर असतो तो गाव.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपले पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पोलीस पाटील यांना सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी दोर गुंडाळायचा, मग पाहुणा कोणीही असो. धक्क्यावर शेवटच्या फेरीची वेळ मोठ्या अक्षरात लिहा. बोटीवर दोन माणसे नसतील तर मागे कोणाला ओढायचे नाही. जाळी आणि मोटारी असलेल्या भागात बोटीच नेऊ नयेत, त्या हद्दीवर तरंगती पिंपे बांधा. ठरावाची प्रत पाटबंधारे खात्याला, तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि पोच घ्या.

याला फार पैसा लागत नाही. चार पिंपे, एक फलक आणि ‘आज नाही, उद्या सकाळी या’ असे सांगण्याचा निश्चय, एवढेच. पाहुणा थोडा रागावेल. रागावलेला पाहुणा पुन्हा येतो, बुडालेला येत नाही.