ताऱ्याची कुंडली

"ताऱ्याचं भविष्य जन्मतःच ठरतं," हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल! मी खरा मराठीचा शिक्षक, पण आमच्या लहानशा शाळेत भूगोलही माझ्याच गळ्यात पडला होता. जन्मतः जड असलेला तारा इंधन भराभर संपवतो आणि लवकर म्हातारा होतो, हलका तारा सावकाश जगतो. फळ्यावर आकृती काढली की झाला धडा. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, अगदी शेजारी दुसरा तारा असेल तर?" मी म्हणालो, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

प्रश्न तिचाच बरोबर होता, हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

ययाती तारकासमूहातला अल्गॉल घ्या. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो. कुणीतरी त्याच्या आड येत असावं, असं इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकने १७८३ साली सुचवलं. पोरगा अठरा वर्षांचा, कानांनी बहिरा! आड येतो तो अल्गॉलचा जोडीदार तारा. पण खरी गंमत पुढेच आहे. जोडीतला जड तारा सूर्याच्या तिपटीहून जास्त वस्तुमानाचा, तरी ऐन तारुण्यात. आणि सूर्यापेक्षाही हलका असलेला दुसरा फुगून म्हातारपणाकडे झुकलेला. दोघे जन्मले मात्र एकाच वेळी. म्हणजे माझा धडा उलटाच की!

उलगडा असा, की आजचा हलका तारा मूळचा जड होता. तो आधी फुगला. दोघांमधलं अंतर सूर्य-बुध अंतराच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकंच, त्यामुळे बाहेरच्या वायूवरची त्याची पकड सुटली आणि तो वायू शेजाऱ्याकडे गेला. समूहाचं नाव ययाती, हा योगायोग मराठीच्या मास्तराला गप्प कसा बसू देणार? पण ययातीने तारुण्य मागितलं मुलाकडे. इथे म्हाताऱ्यानेच दिलं.

बरं, हा अपवादही नव्हे. सूर्याच्या पंधरापट किंवा त्याहून जड ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक तारे जोडीदाराशी अशी देवाणघेवाण करतात, असं २०१२ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेलं संशोधन सांगतं. मग त्यांचा शेवट नुसत्या जन्माच्या वजनावरून कसा सांगणार?

माझं म्हणणं इतकंच, की हा धडा जिथे जिथे शिकवला जातो तिथे त्या वाक्याआधी "तारा एकटा असेल तर" एवढे शब्द घालावेत. परीक्षेला येवोत न येवोत.