जुगारास जुगारच म्हणावें

कापूस व सोयाबीन बाजारांत गेल्यावर शेतकऱ्याच्या हातीं वर्षांतून एकदां कांहीं बरी रक्कम येते. ती येण्यापूर्वींच तिजवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. सोसायटीचा हप्ता, बी-खतांची उधारी, मुलांच्या शाळेची फी, हीं सारीं मागणीं उघड असतात. परंतु आणखी एक मागणारा असा आहे कीं, तो मागत नाहीं, खेळावयास बोलावितो. त्याच्या गोड भाषेविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

या भाषेंत जुगार हा शब्द कधींच येत नाहीं. पणास लाविलेल्या पैशास ‘प्रवेश फी’ म्हणतात, पहिल्या आमिषास ‘स्वागत बोनस’, आणि सट्टेवाल्याकडे उघडलेल्या खात्यास नुसतें ‘आयडी’. रक्कम सांगतांना तिच्याआधीं ‘फक्त’ हा शब्द हटकून जोडतात. पैसे गेले तर ‘थोडक्यांत हुकलें’ असें समाधान करितात. गांवच्या पारावर याच गोष्टीस ‘जरा गंमत’, ‘टाइमपास’ अशीं नांवें आहेत. ‘लावणें’ हा शब्द तर आपल्या शेतांतलाच. आपण भात लावतों, ऊंस लावतों, मिरचीचें रोप लावतों. तसाच आकडाही ‘लावावयाचा’. ऐकणारास वाटावें कीं, येथेंही कांहीं उगवणार आहे!

हा प्रकार नवा नाहीं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांतील भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्या भावाच्या आकड्यांवर मुंबईंत पैजा लागत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणें बंद झालें. तेव्हां कापूस गेला आणि आकडा राहिला. मडक्यांतून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवूं लागले, व त्यावरून ‘मटका’ हें नांव रूढ झालें. मुंबईच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याची व्याख्या पुढील दुरुस्त्यांसह वाचली, तर कापसाच्या भावाच्या आकड्यांवरील पैजा, तसेंच पाऊस पडेल कीं नाहीं व किती पडेल यांवरील पैजा, यांचा तींत नांवानिशीं उल्लेख आढळतो. ज्या पावसाकडे आपण डोळे लावून बसतों, त्याचाही कोणी खेळ करीत असे.

नांव बदलण्याची दुसरी युक्ति ‘कौशल्य’ या शब्दाची होय. बक्षिसी शब्दकोड्यांच्या प्रकरणीं १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जुगार हा व्यापार नव्हे, असा निर्वाळा दिला. १९६७ सालीं त्याच न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. मात्र खेळविणारा त्यांतून नफा काढीत असेल तर तो अपराध होऊं शकेल, असेंही बजाविलें. पुढें मोबाइलवर रमी खेळविणाऱ्यांनीं निकालाचा पहिला भाग जाहिरातींत गाजविला आणि दुसरा झांकून ठेविला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा संमत करून, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ व त्यांच्या जाहिराती निषिद्ध ठरविल्या. हा शब्दच्छल कायद्यानें ओळखला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कायद्यानें दुकान बंद करतां येतें, भाषा बंद करतां येत नाहीं. ती उद्यां दुसरें नांव घेऊन येईल.

कोणी म्हणेल, शेती तरी काय, पावसावरचा जुगारच कीं! हें वाक्य आपणच निराशेच्या भरांत बोलतों, आणि तेंच आपला घात करितें. शेतींत जोखीम आहे हें खरें. पण पीक साधलें तर घरीं धान्य येतें, मजुरास मजुरी मिळते, गुरांस कडबा मिळतो. त्यासाठीं शेजाऱ्याचें पीक बुडावें लागत नाहीं. शिवाय मशागत, बियाण्याची निवड, पाण्याची सोय यांनीं ती जोखीम कमी करतां येते. पैजेंत नवें कांहींच उत्पन्न होत नाहीं. मटक्याचा हिशेब पहा. आकडे दहा, आणि सर्वसाधारण भाव एका रुपयास नऊ रुपये. कोणीं दहाही आकड्यांवर एकेक रुपया लाविला तर दहा देऊन नऊ परत मिळतात. म्हणजे ज्याचा आकडा कधींच चुकत नाहीं, त्यासही रुपयामागें दहा पैशांची तूट!

जाहिरात मानक परिषदेच्या नियमांप्रमाणें डिसेंबर २०२० पासून अशा जाहिरातींत आर्थिक जोखमीचा व व्यसनाचा इशारा देणें आवश्यक झालें, आणि हा खेळ उपजीविकेचें साधन म्हणून दाखवूं नये असेंही ठरलें. तो इशारा शेवटीं इतक्या घाईनें उच्चारीत कीं, कानांत उरे तें केवळ बक्षीस. कीटकनाशकास आपण बोलतांना ‘औषध’ म्हणतों. तरी त्याच्या डब्यावर विषाची रंगीत खूण असते व ती निरक्षरासही कळते. पैजेच्या डब्यावर तशी खूण नसते. ती आपणच ओळखली पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, कोणीही अशा खेळास बोलाविलें तर तीन प्रश्न विचारावे. माझा पैसा कोणाच्या हातीं जातो? मला मिळणारा पैसा कोणाच्या खिशांतून येतो? मी हरलों काय किंवा जिंकलों काय, खेळविणाऱ्याचा वांटा सुटतो काय? उत्तरें मिळालीं कीं गोड नांवें आपोआप गळून पडतील.

ज्या तरुणाच्या हातून पैसा गेला असेल त्यास हिणवूं नये. घरीं खरें सांगण्यास त्यास धीर द्यावा. कारण गेलेली रक्कम परत मिळविण्यासाठीं लपून काढलेलें कर्ज मूळ नुकसानीहून मोठें होत जातें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत एका जुगाऱ्याच्या दुःखाचें सूक्त आहे, आणि त्यांतही फांसे सोडून शेतीकडे वळण्याचा उपदेश केलेला आहे. तो अद्याप जुना झालेला नाहीं. ग्रामसभेंत, सोसायटीच्या बैठकींत व घरांत या गोष्टीस तिच्या खऱ्या नांवानें हांक मारावी, आणि पेरणीचा पैसा पेरणीसच लागावा, एवढीच आमची आपल्या शेतकरी बंधु-भगिनींस विनंती आहे.