विसाव्याची किंमत कोण भरतं?

'सेल्फ-केअर' हा शब्द आता आपल्या वस्त्यांमध्येही येऊन पोचला आहे. पार्लरच्या पाटीवर तो दिसतो, मोबाईलवरच्या जाहिरातीत ऐकू येतो. 'स्वतःचे लाड करा' असं सांगायचं आणि मग फेशियल, तेल, गोळ्या नाहीतर कुठल्यातरी शिबिराची फी पुढे करायची, अशी त्याची तऱ्हा. त्यावर उतारा म्हणून दुसरा एक सल्ला दिला जातो. पैसे कशाला घालवता? पहाटे उठून चाला, दीर्घ श्वास घ्या, हळद-बेसन लावा, वही लिहा, रात्री लवकर झोपा. हा सल्ला वाईट आहे असं मी म्हणणार नाही. चालण्यानं बरं वाटतं, झोपेनंही वाटतं. पण हा सल्ला देणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बाईकडे पैसा नसला तरी वेळ आहे.

तो कुठे आहे? केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात असं दिसलं की सहा वर्षांवरच्या मुली-बायकांपैकी सुमारे ८१ टक्के रोज घरातलं बिनपगारी काम करतात आणि त्यात त्यांची सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषांपैकी असं काम करणारे साधारण २६ टक्के, आणि जे करतात त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. लहान मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते पाहणीत वेगळं मोजलं आहे. धुणीभांडी करून, कारखान्यातून किंवा शेतातून परत येणाऱ्या बाईला याउप्पर 'अर्धा तास स्वतःसाठी काढा' असं सांगणं सोपं आहे. तो अर्धा तास कुणाच्या वाट्यातून काढायचा, ते कुणी सांगत नाही.

आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मी दुपारी पडते की तासभर. पोरगी भांडी घासते." पोरगी दहावीत आहे. त्यांना दोष द्यायचा नाही, त्यांची कंबर दुखते हे आम्ही बघतो. पण हा विसावा फुकट नव्हता. त्याची किंमत पोरीच्या अभ्यासातून वळती झाली. मध्यमवर्गीय घरांत तीच किंमत कामवाल्या बाईच्या अंगावर जाते. आपण योगाच्या वर्गाला जातो तेव्हा पोळ्या कोण लाटत असतं, आणि तिला महिन्याला किती भरपगारी रजा मिळतात? संघटनांमध्ये काम करणाऱ्या आपणही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. घरातला मुलगा, नवरा, दीर यांनी भांड्याला हात लावला तरच तो तास खरोखर बिनखर्चाचा ठरेल. माझ्या मते स्वतःची काळजी घेण्याची सुरुवात इथून होते, आणि हे भांडण उटणं लावण्याइतकं सुखाचं नाही.

रजा म्हटली की ऊसतोडीच्या बायका आठवतात. तिथे नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस कामावर नाही गेलं की 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखलं, अंगावरून जास्त गेलं, तरी फडात जावंच लागतं. बीड जिल्ह्यातल्या अनेक बायकांनी कमी वयातच गर्भाशय काढून टाकलं, हे २०१९ मध्ये सगळ्यांसमोर आलं. सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. प्रत्येकीचं कारण वेगळं असेल, आणि डॉक्टरांनी दाखवलेली कर्करोगाची भीतीही त्यात होतीच. पण दोन दिवस आडवं पडायची सोय नाही म्हणून बाई कायमचा अवयव देऊन मोकळी होते, त्या ठिकाणी 'शरीराचं ऐका' हे वाक्य कुणापुढे म्हणायचं? मुकादमापुढे आणि कारखान्यापुढे म्हणायला हवं.

मग काहीच करायचं नाही का? तसंही नाही. आपल्या हातात जे आहे ते करायचंच.

जेवणापासून सुरुवात करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. दम लागणं, चक्कर, डोकं दुखणं, चिडचिड याला आपण 'स्वभाव' म्हणतो, 'वय झालं' म्हणतो. सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, पैसे पडत नाहीत. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून पुष्कळ जणी ती मध्येच सोडतात. काळं होण्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ फार असेल तर नर्सताईंना विचारावं, पण आपल्या मनानं बंद करू नये. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावं, लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावं. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. हा शेवटचा नियम बैठकीत सांगितला की आमच्याकडे सगळ्यांत मोठा निषेध होतो.

पण लिंबू कितीही पिळलं तरी पातेल्यात भाजी उरायला हवी ना! सगळ्यांना वाढून झाल्यावर जे राहील ते खायचं, ही रीत आपण माहेरीच शिकलो. आमच्या काही जणींनी ठरवलं की वाढायच्या आधी आपली वाटी भरून बाजूला ठेवायची. एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "कुणाची गं ही?" ती म्हणाली, "माझी." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटाशेजारी दोन वाट्या होत्या, असं ती सांगते. प्रत्येक घरात असं होत नाही. एका घरात वाटीवरून मारहाणीपर्यंत गेलं.

त्याबद्दलही बोललं पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला श्वसनाचे व्यायाम सांगू नयेत. तिला आधी सुरक्षित जागा हवी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती हवी, संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत येणारी मैत्रीण हवी. मन फार उदास असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करता येतो. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली आणि ती मोफत आहे. फोन घरात एकच असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल तर शेजारणीच्या फोनवरून करावा.

आपल्या आयाआज्यांना विसावा माहीत नव्हता असं नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, झोके घ्यायचे. कारण नागाचं सांगत, पण त्या दिवशी विळीला आणि बाईच्या हातालाही सुट्टी मिळे. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी मनातलं किती बोलून घेतलं, ते हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांवरून कळतं. म्हणून जातं परत आणा असं कुणी म्हणू नये. पहाटे उठून दळण्याचे कष्ट गिरणीनं वाचवले ते चांगलंच झालं. फक्त दोघी जणी समोरासमोर बसून बोलायच्या ती जागा गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी मिळाली नाही.

ती आपणच धरायची आहे. पुरुष पारावर, नाक्यावर, चहाच्या टपरीवर बसतात. कशासाठी बसलात असं त्यांना कुणी विचारत नाही. बाई बाहेर दिसली तर तिच्या हातात पिशवी किंवा कडेवर मूल पाहिजे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांविषयी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, त्याचा मुद्दा हाच आहे: बाईला काही काम नसताना, उगीचच, शहरात वावरता आलं पाहिजे. आमच्या गटातल्या सात-आठ जणी गुरुवारी संध्याकाळी देवळामागच्या कट्ट्यावर बसतात. भजी नाही, भिशी नाही, अजेंडाही नाही. पहिल्या महिन्यात पोरांनी शिट्ट्या मारल्या. आता पोरं दुसरीकडे बसतात. एक अडचण मात्र अजून आहे, जवळपास बायकांसाठी मुतारी नाही. म्हणून काही जणी दुपारपासूनच पाणी पीत नाहीत, आणि मग लघवीला जळजळ होते. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' ची मोहीम चालू झाली ती याच कारणानं. आम्ही नगरपालिकेत अर्ज दिला आहे.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात जाता येतं. कट्ट्यावरच्या दोघी त्या सवलतीवर मधूनमधून आपापल्या बहिणींकडे जाऊन येतात. लग्न नाही, बारसं नाही, कुणी आजारी नाही. घरी विचारतात, "मग कशाला चाललीस?" एकीनं अजून उत्तर दिलेलं नाही, ती नुसतीच जाते. दुसरी सांगते, "झोपायला." आणि खरंच, बहिणीकडे गेल्यावर ती आधी दोन तास झोपते.