गादीवरचा माणूस बदलतो तेव्हा

टीव्हीवरचे प्रश्नोत्तरांचे खेळ हा वरवर पाहता करमणुकीचा मामला आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर तेही एक दुकानच आहे. खेळ हा माल, प्रेक्षक हे गिऱ्हाईक, आणि गल्ला भरतो तो मधल्या जाहिरातींच्या ब्रेकमध्ये. अमेरिकेत अर्ध्या तासाच्या खेळात सुमारे ८ मिनिटे जाहिरातींची असतात. आपल्याकडे नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादा घातली गेली. त्या मिनिटांत गिऱ्हाईक उठून गेले तर धंदा बुडाला. ते बसून राहते ते सूत्रसंचालकाच्या भरवशावर. "जाऊ नका, आत्ता परत येतो" असे तो म्हणतो आणि लोक थांबतात. म्हणून सूत्रसंचालक बदलायची वेळ आली की चॅनेलवाल्यांच्या पोटात गोळा येतो.

आमच्या कापडाच्या दुकानात याहून वेगळे काय आहे? लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब गादीवर बसते ते मोठ्या मियांचे तोंड पाहून. गोदामातून थान येईपर्यंत अर्धा तास थांबते तेही त्यांच्याच शब्दावर. मोठे मिया गेले की तेच कुटुंब पुढच्या लग्नसराईत समोरच्या दुकानात दिसते. माल तोच, भाव तोच, पण एतबार ज्याच्यावर होता तो माणूस नाही. अशी चालती दुकाने बसलेली आम्ही आमच्याच बाजारपेठेत पाहिली आहेत. म्हणून या टीव्हीच्या दुकानांनी गादी कशी बदलली, हे व्यापारी बांधवांनी पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील 'जेपर्डी' हा खेळ अॅलेक्स ट्रेबेक यांनी १९८४ पासून चालवला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते वारले. मध्ये दीड वर्षाहून अधिक काळ गेला, पण पुढचा माणूस कोण हे प्रेक्षकांना कळले नव्हते. मग २०२१ मध्ये पाहुणे सूत्रसंचालक एकामागून एक येऊन गेले. ऑगस्टमध्ये एका निर्मात्याचीच नेमणूक झाली, पण त्यांची जुनी वक्तव्ये बाहेर आली आणि त्यांना काही दिवसांतच जागा सोडावी लागली. त्यानंतर दोघांनी आळीपाळीने काम पाहिले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये केन जेनिंग्स एकटे उरले. गादी स्थिर व्हायला तीन वर्षे लागली. आणि हे जेनिंग्स कोण? याच खेळात २००४ साली सलग ७४ सामने जिंकलेले स्पर्धक. म्हणजे शोध जगभर झाला आणि माणूस दुकानातलाच निघाला, गिऱ्हाइकांच्या ओळखीचा.

दुसरा खेळ 'व्हील ऑफ फॉर्च्युन'. तिथे पॅट सेजॅक १९८१ पासून होते. जून २०२३ मध्ये त्यांनी सांगितले की आणखी एक हंगाम करून आपण थांबणार. त्याच महिन्यात रायन सीक्रेस्ट यांचे नाव जाहीर झाले. सेजॅक यांनी जून २०२४ मध्ये निरोप घेतला आणि सप्टेंबरमध्ये नवा माणूस उभा राहिला. विशेष म्हणजे १९८२ पासून त्या खेळात असलेल्या व्हॅना व्हाइट यांना जागेवर कायम ठेवले. चेहरा नवा, पण शेजारी जुनी ओळख. गिऱ्हाइकाला तयारीसाठी वर्षभराहून जास्त वेळ मिळाला.

आपल्याकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 'कौन बनेगा करोडपती' जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर सुरू झाले ते अमिताभ बच्चन यांना घेऊन. २००७ च्या हंगामात गादीवर शाहरुख खान आले. नावाने ते कुठेच कमी नव्हते, पण तो त्यांचा एकच हंगाम ठरला. २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला आणि बच्चनच परतले. २०२५ मध्ये या खेळाला २५ वर्षे झाली, तेव्हाही गादीवर तेच. त्यांनी वयाची ऐंशी कधीच ओलांडली आहे. नाव मोठे असले म्हणून एतबार आपोआप हस्तांतरित होत नाही, हा यातला हिशेब आहे.

आता आमच्याकडे वळू. आमच्याकडे मुलगा गादीवर बसतो तो बहुधा बाप दवाखान्यात गेल्यावर, नाहीतर त्याहून उशिरा. तोवर त्याच्या हाती गोदामाची किल्ली आणि चहाची ऑर्डर. उधारीची वही बापाच्या डोक्यात, गिरणीचे दलाल बापाच्या ओळखीचे, अडत्याशी बोलणी बापाचीच. मुलगा हिशेबात चुकेल, माल उधळेल, अशी भीती आमचे बुजुर्ग सांगतात. भीती खोटी नाही. पण तो चुकायचाच असेल तर बाप शेजारी बसलेला असताना चुकलेला बरा. तेव्हाचे नुकसान दोन थानांचे असते, नंतरचे दुकानाचे.

आमचे म्हणणे एवढेच की ही ओळख ब्रेकमध्ये करून द्या. थान येईपर्यंत गिऱ्हाईक बसलेले असते, तेव्हा मोठ्यांनी उठावे आणि पुढच्या माणसाला बसवावे. "आता हा बघेल" असे स्वतःच्या तोंडाने सांगावे. दलाल आणि अडत्याकडे त्याला बरोबर न्यावे. वही लिहून काढावी. जुन्या मुनिमाला व विक्रीवरच्या माणसाला हलवू नये, कारण नव्या चेहऱ्याशेजारची जुनी ओळख तीच. मुलाचे मन धंद्यात नसेल तर भाचा, मुलगी, किंवा वीस वर्षे काउंटरवर उभा असलेला नोकरसुद्धा चालेल. त्याला वाटा द्यावा लागला तरी द्यावा. गिऱ्हाईक नाते विचारत नाही, ओळख विचारते.

गादी आपण असताना सोडली तर पुढच्याला सांभाळता येते. आपल्या पश्चात सुटली तर ती समोरच्या दुकानाला जाते.